संवाद गिळले, आता हातांचं काय करायचं?

ताई, मी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला देहप्रधान रंगभूमी हा विषय आहे. त्यासाठी एक शब्दविरहित प्रयोग दाखवला. पाच नट, एक टेबल, काही खुर्च्या, सव्वा तासात एकही शब्द नाही. वर्गातले बरेच जण डोळे पुसत बाहेर आले. मला मात्र शेवटपर्यंत कळेना की तो म्हातारा कोण, बाप की मृत्यू? आता त्या प्रयोगावर टिपण लिहायचंय. शिवाय आम्हा सहा जणांना ‘घर सोडून जाणं’ या विषयावर बारा मिनिटांचं मूकनाट्य बसवायचंय. तालमीत सर सारखे म्हणतात, ‘तुम्ही संवाद गिळून हातवारे करताय.’ माझी ताकद आवाजात आहे, शाळेपासून वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली आहेत. अंग मात्र ताठ. ना नाच येतो, ना कोलांटी. हे माझ्यासाठी आहे का? आणि प्रेक्षकांना समजावं म्हणून कथासार छापून वाटावं का?
— एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझ्या सरांचं वाक्य नेमकं आहे, पण अर्धं. हातवारे करायचे नाहीत, मग करायचं काय, हा उरलेला अर्धा भाग. माझा बराचसा वेळ त्यावरच जाणार आहे. त्याआधी तो प्रयोग आणि तुझं टिपण.

तू सव्वा तास दमशेराज खेळत बसली होतीस. नटाने हात उचलला की मनात त्याचं वाक्य करायचं. ते जुळेपर्यंत पुढच्या चार हालचाली निसटणार, मग सुटलेला धागा शोधत बसायचं. अशाने कुणीही थकेल. तो म्हातारा बाप की मृत्यू, हा प्रश्न त्या नटाने स्वतःला विचारलाही नसेल. त्याला कदाचित एवढंच ठाऊक असेल की ही खुर्ची माझी आहे आणि हे चौघं ती सारखी हलवतात. नटाला तेवढं पुरतं. संवाद असलेलं नाटक बघतानाही आपण पात्राचं प्रतीक उलगडत बसत नाही. त्याला काय हवंय आणि ते कोण अडवतंय, यामागे आपण जातो. इथेही तेच करायचं.

टिपणाच्या पहिल्या पानावर फक्त क्रिया लिही. कोण कुठून आलं, काय उचललं, कुठे ठेवलं, आधी कोण वळलं, कोण शेवटपर्यंत बसलंच नाही. ‘दुःखाने’, ‘एकाकीपणे’, ‘जणू काही’ हे शब्द त्या पानावर येऊ द्यायचे नाहीत. वाटतं तितकं हे सोपं नाही. ‘तो निराश होऊन बसतो’ असं लिहून आपण मोकळे होतो आणि निराशा कुठे दिसली ते पाहायचं राहूनच जातं. आधी छाती खचली की गुडघे? बसताना त्याने खुर्चीकडे पाहिलं का? न पाहता बसला असेल तर ती खुर्ची त्याच्या अंगवळणी पडलेली आहे, म्हणजे हा इथलाच माणूस आहे. तुला न मिळालेली माहिती बहुधा अशाच जागी होती.

दुसऱ्या पानावर स्वतःबद्दल लिही. कुठे तू पुढे झुकलीस, कुठे श्वास अडकला, कुठे घड्याळ पाहिलंस. कंटाळा आला असेल तर तोही लिही, कुठल्या क्षणी आला त्यासकट. अर्थ तिसऱ्या पानावर, आणि तो पहिल्या पानाला बांधलेला. ‘टेबल म्हणजे सत्ता’ असं तुला वाटत असेल तर टेबलाशी कोण काय करतं याचा पुरावा पहिल्या पानावर सापडायला हवा. तो प्रयोग पुन्हा बघायला मिळाला, निदान त्याचं चित्रीकरण तरी, तर दहा मिनिटं फक्त पायांकडे बघ. वजन कुठल्या पायावर आहे हे दिसायला लागलं की पुढची हालचाल व्हायच्या आधीच कळते, आणि नटाने तुला फसवलं की मजा येते.

वर्गमित्रांच्या डोळ्यांतल्या पाण्याचं दडपण घेऊ नकोस. त्या प्रसंगाखाली संगीत होतं का, ते आठव. वर चढत जाणारं व्हायोलिन असेल तर रडू नटांनी आणलं की व्हायोलिनने, हा रास्त प्रश्न आहे. आणि प्रयोगच कच्चा असण्याची शक्यता तर राहतेच. या प्रकारात लबाडीला भरपूर वाव असतो. सगळ्यांना करड्या रंगाचे कपडे, सगळं संथ गतीत, मोठ्याने घेतलेले श्वास आणि शेवटी एकच माणूस प्रकाशात. शब्द नसले म्हणजे गंभीर, आणि कळलं नाही म्हणजे थोर, असा समज नटांमध्येही आहे, प्रेक्षकांमध्येही. टिपणात तसं लिहायची मुभा तुला आहे. फक्त पहिलं पान भक्कम असू दे.

आता तुझी ती ‘माझी ताकद आवाज’ची अडचण. एतिएन दक्रू हे नाव तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. आधुनिक मूकाभिनयाचं व्याकरण रचणारा हा फ्रेंच माणूस. तो १९२३ साली फ्रेंच दिग्दर्शक झाक कोपोच्या व्ह्यू कोलोंबिए नाट्यशाळेत गेला तो उच्चार आणि वाणी सुधारायला. त्याला राजकीय भाषणं करायची होती. तिथे त्याला चेहरा झाकून, जवळजवळ उघड्या अंगाने काम करणारे विद्यार्थी दिसले आणि तो त्या वाटेला लागला तो कायमचा. जगप्रसिद्ध मूकाभिनेता मार्सेल मार्सो त्याच्याच हाताखाली शिकला. तेव्हा वक्तृत्वाचा कप घरात असणं म्हणजे चुकीच्या दारात उभं असणं, असं काही नाही. वाक्यात कुठे थांबायचं, कुठला शब्द दाबायचा, सभागृह हातातून सुटायला लागलं की आवाज चढवायचा की उतरवायचा, हे तुला येतं. हालचालीलाही तेच सगळं लागतं. दक्रू ते स्नायूंवर करायला शिकवायचा. हालचाल झटक्याने सुरू होते की पाझरत, आणि थांबताना ती विरते की आदळते. तू हे कानाने ओळखतेस. तेच आता पाठीच्या कण्यात आणायचं आहे, आणि त्याला वेळ लागेल.

ताठ अंगाबद्दलही थोडं. फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉकची पॅरिसमधली नाट्यशाळा १९५६ पासूनची. तो स्वतः खेळ आणि शारीरिक शिक्षणाकडून रंगभूमीवर आला, नृत्याकडून नव्हे. अंग किती वाकतं यापेक्षा ते किती किफायतीने काम करतं, याकडे त्याचं लक्ष असायचं. ब्रिटनमधली ‘फ्रँटिक असेंब्ली’ ही देहप्रधान नाटकं करणारी नाट्यसंस्था १९९४ मध्ये सुरू केली ती स्वान्सी विद्यापीठातल्या मुलांनी. नृत्याचं रीतसर शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. कोलांटी येत नसेल तर तुमच्या नाटकात कोलांटी नको, बस. उलट ज्याला सगळं येतं तो सगळं दाखवत सुटतो. तुमच्या सहा जणांत असा एखादा असेल तर त्याच्यावर लक्ष ठेव.

आता हातवारे. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले ते तुला पाठ आहेत : आंगिक म्हणजे अंगाचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा, सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा. तुम्ही वाचिक काढून टाकलंत. उरलेल्या तिघांनी आपापलं काम करावं, तर तुमचं आंगिक गेलेल्या वाचिकाची पाळी करतंय. ‘मी’ म्हणायला छातीवर बोट, ‘जातो’ म्हणायला दाराकडे बोट, ‘आई’ म्हणायला डोक्यावरून पदर. यावर तुझ्या गटातला एखादा विद्वान म्हणेल की नाट्यशास्त्रात तर नुसत्या डोक्याच्या १३ हालचाली आणि ३६ दृष्टी, म्हणजे नजरेचे प्रकार, दिल्या आहेत, तेही संकेतच की. आहेत. पण तो संकेत नटाला येतो तसा समोरच्या प्रेक्षकालाही वाचता येतो, असं तिथे गृहीत आहे, आणि नट तो वर्षानुवर्षं घोटतो. तुमच्या प्रेक्षकाकडे ती किल्ली नाही आणि तुमच्याकडे तेवढी वर्षं नाहीत. म्हणून संकेत सोडा आणि काम शोधा.

काम म्हणजे खरंखुरं काम, ज्यात वस्तू किंवा दुसरा माणूस अडथळा आणतो. उदाहरणादाखल एक मोठी चादर घ्या. दोघांनी चार टोकं धरायची, ताणायची, झटकायची, दुमडायची, मग एकमेकांकडे चालत येऊन टोकं जुळवायची. घडी घालताना दोन माणसं आपोआप जवळ येतात, बोटांना बोटं लागतात, एकजण आपली टोकं दुसऱ्याच्या हाती देतो आणि खाली वाकून दुमड उचलतो. त्यात न बोलता ठरलेला एक क्रम असतो, आणि वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्यांचा तो क्रम चुकत नाही. आधी हे निव्वळ नीट करा. अभिनय नको, मायेने बघणं नको, चादर खरोखर घडी झाली पाहिजे. दुसऱ्यांदा करताना त्यातल्या एकाला निघायची घाई आहे. तो टोकं जरा लवकर सोडतो, घडी तिरकी पडते, दुसरी ती उलगडून पुन्हा घालायला लावते. तिसऱ्या वेळी समोरची टोकं धरायला कुणी नाही. आता एका माणसाने तेवढी मोठी चादर दुमडायची कशी? हनुवटीखाली धरून? दाराच्या कडीला अडकवून? जमिनीवर पसरून? करून बघा. ती धडपड थोडी विनोदी होईल, होऊ दे. प्रेक्षक हसेल आणि हसतानाच त्याला कळेल की कोण गेलंय. या तीन घड्यांमध्येच तुमच्या बारापैकी पाच-सहा मिनिटं भरतात, आणि त्यात कुणालाही छातीवर हात ठेवावा लागत नाही.

चादरच घ्या असं माझं म्हणणं नाही. न मिटणारी बॅग चालेल, उंचावरचा माळा चालेल, एकाच्याच मापाचा पलंग चालेल. तीच क्रिया पुन्हा यायला हवी आणि दर वेळी तिच्यातली एकच गोष्ट बदलायला हवी. पहिल्यांदा प्रेक्षक शिकतो, दुसऱ्यांदा ओळखतो, तिसऱ्यांदा त्याला उणीव दिसते. संवाद असता तर तुम्ही ही उणीव एका वाक्यात सांगून टाकली असती आणि ती तितकी लागली नसती.

निरोपाचा क्षण तुमच्या विषयात येणारच, म्हणून लकॉकचा एक अभ्यास सांगते. त्याच्या शाळेत एक तटस्थ मुखवटा वापरत. आम्लेतो सार्तोरी या इटालियन शिल्पकाराने घडवलेला, चामड्याचा, पूर्ण चेहरा झाकणारा, ज्यावर कुठलाच भाव नाही. तो लावून करायचं ते असं : अगदी जिवाचं माणूस जहाजाने कायमचं दूर चाललंय, हे तुला उशिरा कळतं. तू धावत धक्क्याच्या टोकापर्यंत जातेस आणि निरोपाचा हात करतेस. नवखा विद्यार्थी इथे ‘टाटा’ करतो, मग डोळे पुसतो, मग खांदे पाडतो. मुखवट्यात हे तिन्ही खोटे दिसतात, कारण चेहऱ्याची मदत बंद झालेली असते. राहतं ते धावण्याचं आणि अचानक जमीन संपण्याचं. पुढे जायचंय आणि जाता येत नाही. तो जोर मग हातातून वर जातो, आणि जहाज लांब जाईल तसा हातावरचा ताण बदलत जातो. हा हात पुन्हा भेटूचा नाही. दोन अभ्यासांत हा फरक दिसला तर तुमच्या गटाला पुष्कळ मिळालं म्हणायचं.

मुखवटा नसला तरी चालेल. तालमीत चेहऱ्यावर पातळ, आरपार दिसणारं कापड बांधा. दक्रू हेच करायचा. त्याच्याही आधी कोपोने म्हणे संकोचाने अडलेल्या एका नटीच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला आणि तिचं अंग मोकळं झालं. तुमच्या बाबतीत उलटंही होईल, चेहरा गेल्यावर हात दुप्पट बोलू लागतील. मग हातही काढून घ्या, म्हणजे मागे बांधल्यासारखे धरा, आणि तोच प्रसंग फक्त धड आणि पाय वापरून करा. दहा मिनिटांनी हात सोडल्यावर ते बरेच शहाणे झालेले असतात. कापड बांधलेलं असताना उचलाउचली, उड्या अजिबात नकोत.

काही तांत्रिक गोष्टी भराभर. नसलेली भिंत किंवा नसलेलं दार दाखवायचं असेल तर ‘स्थिर बिंदू’ हवा. हात हवेत जिथे टेकला तिथेच राहतो आणि शरीर त्याच्याभोवती हलतं. हात बोटभर सरकला की भिंत गेली. हाच नियम सहा जणांच्या रचनेलाही लागतो. पाच जण हलत असताना एक स्थिर असेल तर प्रेक्षकाची नजर कुठे राहील ते तुमच्या हातात येतं, आणि सगळेच हलले तर काहीच दिसत नाही. वजन उचलण्याची सुरुवात तळपायांतून होते, मग कंबर, मग खांदे, हात सर्वांत शेवटी. रिकामी सुटकेस रिकामीच दिसते, म्हणून तिच्यात जुनी पुस्तकं भरा. अभिनयाचा एक प्रश्न कमी. लकॉकने शरीराच्या ताणाच्या सात पायऱ्या सांगितल्या आहेत, गळून गेलेल्या अंगापासून दगडासारख्या ताठर अंगापर्यंत. चादरीची घडी या सातही पायऱ्यांवर घालून बघा, मग तीन घड्यांसाठी तीन निवडा. तुमचा प्रयोग आत्ता एकाच गतीत चाललाय, हे मी न बघताही सांगते. नव्या गटांचं तसंच होतं, कारण सगळे एकमेकांच्या वेगाला वेग मिळवत राहतात.

संगीत शेवटच्या आठवड्यापर्यंत आणू नका. शब्द नाहीत म्हणजे आवाज नाहीत असं थोडंच आहे? चादर झटकल्याचा फटकारा, बॅगेची चेन, अनवाणी आणि बुटातल्या पावलांमधला फरक, हे तुमचे संवाद आहेत. पहिल्या दिवसापासून गाणं लावलं की ते सगळे बुडतात आणि नट गाण्याच्या ठेक्यावर भावना मोजायला लागतात. एकत्र सुरुवात करायची असेल तेव्हा आकडे मोजू नका, श्वासावर निघा. सुरुवातीला फसेल.

आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटचं ‘अ‍ॅक्ट विदाउट वर्ड्स’ हे मूकनाट्य १९५७ साली रंगमंचावर आलं. त्याची संहिता म्हणजे निव्वळ रंगसूचना. माणूस, शिट्टी, वरून खाली येणाऱ्या वस्तू, हाताला न लागणारं पाणी, एवढंच. तुम्हीही तशी संहिता लिहा, प्रत्येक क्रिया एका ओळीत, वर्तमानकाळात. ‘मुलगा घुसमटतो’ अशी ओळ आली की खोडा आणि तो काय करतो ते लिहा. मग अर्धवट बसलेलं काम बाहेरच्या कुणाला तरी दाखवा आणि ‘काय कळलं?’ असं विचारू नका. ‘काय काय पाहिलंस, क्रमाने सांग’ म्हणा. तो माणूस जी क्रिया वगळेल ती एकतर नीट दिसत नाही किंवा नकोच आहे.

उचलाउचली करणार असाल तर आधी जमिनीलगत, मग गुडघ्याच्या उंचीवर, मग पूर्ण, आणि शेजारी एकजण सावरायला उभा. कुणाला कुठे हात लावलेला चालेल हे तालमीआधी बोलून ठरवा, आणि ठरलेलं प्रयोगाच्या भरात बदलू नका. ज्याचा गुडघा दुखतोय त्याने त्या दिवशी हालचाल नुसती खुणेपुरती करावी. त्यात कमीपणा नाही.

कथासार वाटू नका. ते हातात पडलं की प्रेक्षक मंचावरच्या गोष्टी कागदाशी ताडत बसतो, म्हणजे पुन्हा दमशेराज. फक्त शीर्षक द्या, आणि ते ‘निरोप’ किंवा ‘घर सोडताना’ असं नको. त्याने पहिली दहा मिनिटं फुकट जातात. मंचावरच्या वस्तूचं साधं नाव चालेल. तोंडी परीक्षेत अर्थ विचारतीलच. तेव्हा विषयाचं निरूपण करू नकोस, निवडी सांग : ही वस्तू का, तिसऱ्या वेळी वेग का उतरवला, इथे आवाज का ठेवला, तो प्रसंग का काढला. हे सगळं प्रयोगाच्या आदल्या दिवशी एका कागदावर उतरवून ठेव, कारण दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर त्यातलं निम्मं आठवत नाही.

— ताई